कर्जातून सावरताना : अनुभवी सोबत्याची शिकवण

आपल्या देवासची ओळख बाहेरगावच्या माणसाला करून द्यायची झाली तर आपण दोन गोष्टी हटकून सांगतो. एक, चामुंडामातेची टेकडी आणि दुसरी, बँक नोट प्रेस. जेथे देशाच्या नोटा छापल्या जातात त्या गावातही पैशाच्या विवंचनेने रात्र जागून काढणारी घरे आहेत, आणि धार, पीथमपूर, कुक्षी, मनावर, बागली येथील परिस्थिती काही निराळी नाही. आपल्या दवाखान्यात येणारा निद्रानाश, वारंवार होणारी डोकेदुखी, आटोक्यात न येणारा रक्तदाब, अर्धवट सोडलेला औषधोपचार यांच्या मुळाशी कित्येकदा एक वही असते. ती वही रुग्ण आपल्याला दाखवीत नाही. पुष्कळदा तो ती घरच्यांनाही दाखवीत नाही.

कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला माणूस सावरतो कसा, आणि त्या सावरण्यात त्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उपदेश करणारे पुष्कळ असतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे कर्जदाराने लहानपणापासून ऐकलेले असते. त्या म्हणीने कोणाचे कर्ज फिटल्याचे ऐकिवात नाही. तरीही काही माणसे सावरतात. ती कशी, हे पाहण्यासाठी प्रथम आपल्याच गावच्या इतिहासाकडे वळू.

देवासची एक केस हिस्टरी

देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे अधिपती तिसरे तुकोजीराव पवार हे बुद्धिमान, रसिक आणि अत्यंत भाविक असे राजे होते. १९०७ साली त्यांचे शिक्षक व मार्गदर्शक म्हणून माल्कम डार्लिंग या तरुण इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गुरुशिष्यांची ही ओळख पुढे जन्मभराच्या मैत्रीत परिणत झाली. डार्लिंग यांचेच स्नेही, विख्यात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली काही महिने महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिले. त्या वास्तव्यावरचे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचे नावच आपल्या टेकडीवरून ‘द हिल ऑफ देवी’ असे आहे. राजवाड्याचे न संपणारे बांधकाम, उत्सवांवरील सढळ खर्च आणि हिशोबाची ओढाताण यांचे चित्र त्यांनी ममतेने, परंतु स्पष्टपणे रेखाटले आहे.

पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. संस्थान कर्जात बुडाले, ब्रिटिश सरकारचा चौकशीचा तगादा वाढला आणि १९३३ च्या अखेरीस महाराज देवास सोडून पाँडिचेरी या फ्रेंच वसाहतीत जाऊन राहिले. १९३७ साली तेथेच त्यांचा देहान्त झाला.

या कथेतला मनाला चटका लावणारा भाग आणखी पुढे आहे. महाराजांचे हे गुरू, माल्कम डार्लिंग, कर्ज या विषयाचे त्या काळातील हिंदुस्थानातले सर्वांत मोठे अभ्यासक ठरले. पंजाबातील शेतकऱ्यांची भरभराट आणि त्यांचा कर्जबाजारीपणा यांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते त्या प्रांताच्या सहकारी संस्थांचे निबंधकही झाले. त्यांच्या ग्रंथातील एक निष्कर्ष आजही विचार करण्यासारखा आहे. कर्ज केवळ गरिबीमुळे वाढत नाही. जमिनीची किंमत वाढली, पत वाढली की कर्ज देणारे पुढे येतात आणि कर्जही वाढते. भरभराट आणि कर्ज हातात हात घालून चालतात.

ज्याने लक्षावधी शेतकऱ्यांच्या कर्जाचे निदान केले त्याला आपल्या आवडत्या शिष्याला वाचविता आले नाही. ज्ञान होते, प्रेम होते, मैत्री होती. दुसऱ्या बाजूला सरकारचा धाकही होता. प्रस्तुत लेखकाला वाटते की, महाराजांना मिळाला नाही तो एकच माणूस : जो स्वतः असा बुडाला होता आणि वर आला होता. स्नेह्यांपुढे वही उघडायला लाज वाटते, सत्तेपुढे उघडायला भय वाटते. लाज आणि भय या दोहोंपासून मुक्त असे तिसरे स्थान कर्जदाराला लागते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण सहसा तक्रारीच्या सुरात वापरतो, परंतु तिच्यात उपचाराचे एक तत्त्व दडलेले आहे.

एका शल्यचिकित्सकाला मिळालेले औषध

हे तत्त्व ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे वापरले त्यांपैकी एक आपल्याच व्यवसायातील होते. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावचे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दारूच्या आहारी गेले होते. दारूच्या दुष्परिणामांची माहिती त्यांना कोणी द्यावी अशी स्थिती नव्हती. १९३५ साली त्यांची गाठ बिल विल्सन या शेअर दलालाशी पडली. विल्सन स्वतः व्यसनातून नुकतेच बाहेर आले होते. त्यांनी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. स्वानुभवाने बोलणारा माणूस आपल्याला प्रथमच भेटला, असे डॉ. स्मिथ यांना वाटले. या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्या रुग्णांना हात देतात, हे मराठी वाचकांना परिचित आहे.

याच चळवळीतील काही माणसांच्या लक्षात आले की दारू सुटली तरी उधारी सुटत नाही. त्यांच्या प्रयत्नांतून १९७६ साली न्यूयॉर्क येथे डेटर्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे अनामिक कर्जदारांचा मेळावा, सुरू झाला. तेथील एक पद्धत आपण मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. नवा सभासद काही काळ रोजची जमा आणि रोजचा खर्च पैशापैशाने लिहून काढतो. त्यानंतर दोन अनुभवी सभासद त्याच्यासोबत बसतात. सामान्यतः त्यांत एक पुरुष व एक स्त्री असते, आणि किमान ९० दिवस ज्यांनी नवे विनातारण कर्ज घेतलेले नाही अशांनाच हे काम दिले जाते. तिघे मिळून वही वाचतात, खर्चाची योजना आणि पुढच्या पावलांची यादी तयार करतात. या बैठकीला ‘दडपण हलके करण्याची बैठक’ अशा अर्थाचे नाव आहे.

येथे कोणी कोणाला पैसे देत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अनुभवी सभासद देतो तो आपला वेळ आणि आपली कहाणी. ‘आजच्या दिवशी नवे कर्ज नाही’ एवढाच संकल्प असतो. व्यसनमुक्तीत ज्याप्रमाणे आजचा दिवस महत्त्वाचा, त्याचप्रमाणे येथेही.

आपल्या मातीतले पाठ

असे काही आपल्याकडे नव्हतेच, असे समजण्याचे कारण नाही. झाबुआ-धार पट्ट्यातील भिल्ल समाजात ‘नोतरा’ नावाची प्रथा आहे. घरात लग्नकार्य निघाले की नातलगांना व गावकऱ्यांना निमंत्रण जाते, प्रत्येक जण यथाशक्ती रक्कम देतो, ती लिहून ठेवली जाते आणि पुढे त्याच्या घरच्या कार्यात परत केली जाते. आपल्या मराठी घरांतून भिशी चालते, तिलाच माळव्यात ‘बीसी’ म्हणतात. या दोन्ही पद्धती पैसा उभा करतात. परंतु अडचणीत सापडलेल्याची वही त्यांत उघडली जात नाही. भिशीचा हप्ता भरण्यासाठी बाहेरून उसने घेणारी माणसेही असतात, आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला कळत नाही.

बचत गटाने यापुढचे पाऊल टाकले. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस महिला, ठरावीक वार, छोटी बचत, गटातच कर्ज आणि सर्वांसमोर वाचली जाणारी वही, असे त्याचे स्वरूप आहे. देवास जिल्ह्यातील बागली भागात १९९० साली स्थापन झालेल्या समाज प्रगती सहयोग या संस्थेने आदिवासी व दलित महिलांचे असे गट बांधले. नीमखेडा येथील तिच्या केंद्राला बाबा आमटे यांचे नाव आहे, ही आपल्याला विशेष आपुलकी वाटावी अशी गोष्ट.

पुढे २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण आजीविका मिशन सुरू झाले, तेव्हा आणखी एक गोष्ट मान्य झाली. नव्या गटाला शिकवायला अधिकाऱ्यापेक्षा जुन्या गटातली बाई अधिक उपयोगी पडते. आंध्र प्रदेशातील अनुभवी गटांच्या महिला परराज्यांतील खेड्यांत जाऊन राहिल्या आणि आपण सावकाराच्या विळख्यातून कशा सुटलो हे तेथील बायकांना सांगू लागल्या. भाषा परकी, परंतु अनुभव ओळखीचा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब ही पंचसूत्री अशाच अनुभवातून ठरली आहे.

अनुभवी सोबती नेमके काय शिकवितो ?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पीथमपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाचे मासिक उत्पन्न ३८,००० रुपये. घरखर्च २१,०००. मोटारसायकल व घरगुती वस्तूंचे हप्ते ९,५००. आईच्या आजारपणात खाजगी सावकाराकडून शेकडा तीनने घेतलेल्या दोन लाखांचे व्याज ६,०००. क्रेडिट कार्डाचे ४,५००. एकूण ४१,०००. दरमहा ३,००० ची तूट, आणि ती भरायला नवी उधारी.

नातलग विचारतात, ‘इतके कर्ज केलेच कशाला ?’ अनुभवी सोबती हा प्रश्न विचारीत नाही. तो पुढील क्रमाने जातो.

पहिली गोष्ट, आकडे. सल्ल्याआधी ३० दिवसांची वही. ‘साधारण इतका खर्च होतो’ या वाक्यावर त्याचा विश्वास नसतो, कारण तेच वाक्य त्यानेही वर्षानुवर्षे उच्चारलेले असते. कोणाकोणाचे देणे आहे याची यादी करताना एक नाव हमखास राहून जाते, आणि ते बहुधा सर्वांत लाजेचे असते, मेव्हण्याचे किंवा मित्राचे. सोबती थांबून विचारतो, ‘आणखी कोण ?’

दुसरी गोष्ट, खरा व्याजदर. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कार्डाचे दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. हातात ९,००० देऊन रोज १०० प्रमाणे १०० दिवस वसुली करणारा ‘फक्त हजार रुपये’ घेतो असे वाटते. प्रत्यक्षात तो दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो.

तिसरी गोष्ट, क्रम. आधी अन्न, औषध, भाडे, मुलांची फी. त्यानंतर देणेकरी. जो अधिक मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे देण्याची कर्जदाराची सवय असते. औषध बंद करून हप्ता भरणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत.

चौथी गोष्ट, मुद्दलावर घाव. वरील गृहस्थाने मोटारसायकल विकून तिचे कर्ज बंद केले, दरमहा ४,००० वाचले. वहीमुळे घरखर्चात २,५०० ची कपात झाली. कार्ड वापरणे थांबले. आता ३,००० ची तूट जाऊन ३,५०० ची शिल्लक उरली. त्यातले ५०० अडीअडचणीसाठी बाजूला ठेवून ३,००० सावकाराच्या मुद्दलाकडे वळविले. व्याजाचे ६,००० व हे ३,००० मिळून दरमहा ९,००० नेमाने दिले, आणि सावकाराने जादा रक्कम मुद्दलात जमा धरली, तर पहिल्या वर्षात मुद्दल सुमारे ४२,५०० ने उतरते आणि सुमारे ३७ महिन्यांत सारे कर्ज फिटते. केवळ व्याज देत राहिल्यास तेवढ्याच काळात २,२२,००० रुपये जातात आणि दोन लाख जसेच्या तसे उभे राहतात. म्हणून प्रत्येक रकमेची पावती घ्यावी आणि ती मुद्दलात जमा झाल्याची नोंद करून घ्यावी, हेही सोबतीच सांगतो.

हे गणित कोणताही हिशोबनीस मांडून देईल. पाचवी गोष्ट मात्र अनुभवाखेरीज सांगता येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात घरात लग्न निघते, बोनस मिळतो किंवा कोणी तरी नवे कर्ज देऊ करते, आणि ‘एकदाच’ हा शब्द मनात येतो. जुने कर्ज फेडण्यासाठी एकच मोठे कर्ज काढावे असे वाटते. त्या संध्याकाळी कोणाला फोन करावा हे आधीच ठरलेले असावे लागते. सोबती म्हणतो, ‘मीही असाच एकदा घसरलो होतो. ये, वही घेऊन बसू.’ घसरणे म्हणजे संपणे नव्हे, हे त्याच्या तोंडून पटते, कारण तो समोर बसलेला असतो.

सावधगिरी

समूहाच्या शक्तीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्तपुरवठ्याचे मोठे संकट उभे राहिले आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. तेथे एकमेकींची हमी घेतलेल्या महिलांवरच एकमेकींकडून वसुली करण्याची पाळी आली होती. सोबती वसुलीदार झाला की लाज आणि भय दोन्ही परत येतात. म्हणून सावरण्यासाठी जमणाऱ्या मंडळात काही बंधने कटाक्षाने पाळावीत. सभासदांनी एकमेकांस कर्ज देऊ नये, एकमेकांना जामीन राहू नये. विमा, गुंतवणूक वा जमीन विकणाऱ्याने आपला धंदा बाहेर ठेवून यावे. ऐकलेले बाहेर नेऊ नये. ज्याची स्वतःची वही चालू नाही त्याने दुसऱ्याची तपासू नये.

सोबत्यालाही आपली मर्यादा ओळखता आली पाहिजे. जुगार वा दारूचे व्यसन असल्यास त्यावर स्वतंत्र उपचार हवेत. वसुलीसाठी धमकी दिली जात असल्यास पोलीस व वकील यांच्याकडे जावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई करण्यात आली. हे कर्जदाराला माहीत नसते. आत्महत्येचा विचार बोलून दाखविला गेला तर वही बाजूला ठेवून त्या व्यक्तीला एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आपले कर्तव्य

आजारपण हे कर्जाचे एक मोठे प्रवेशद्वार आहे आणि त्या दारात आपण उभे आहोत. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, रोजची औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा भार बहुतांशी कुटुंबावरच पडतो. मधुमेहाच्या रुग्णाला आपण ‘गोळ्या वेळेवर घेता का ?’ असे विचारतो. त्याला जोडून ‘औषधासाठी उसने घ्यावे लागते का ?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने कित्येकांची बंद वही उघडेल. स्वस्त पर्यायी औषध लिहिणे, अनावश्यक तपासणी टाळणे, शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचा स्पष्ट अंदाज देणे हेही उपचारच आहेत.

आता थोडे स्वतःविषयी. डार्लिंग यांचा निष्कर्ष आपल्या व्यवसायाला फार जवळून लागू पडतो. डॉक्टरची पत मोठी, म्हणून त्याला कर्ज देणारे पुष्कळ. मुलाचे पदव्युत्तर शिक्षण, नर्सिंग होमची इमारत, सोनोग्राफीचे यंत्र, मोटार यांचे हप्ते एकाच वेळी चालू असतात. एखादे वर्ष मंदीचे गेले की तोल जातो, आणि गावात मान असल्यामुळे बोलायची सोय राहत नाही. ज्याचा मान मोठा त्याची लाजही मोठी. तुकोजीरावांच्या कथेचे मर्म हेच आहे.

आपल्या संस्थेत असे ज्येष्ठ आहेत की ज्यांनी ऐन उमेदीत कर्जाचे डोंगर पाहिले आणि ते नेटाने उतरविले. स्नेहसंमेलनात ते आपल्या यशाविषयी बोलतात, त्या वर्षांविषयी बोलत नाहीत. त्यांच्यापैकी दोघांनी, एक डॉक्टर आणि एक भगिनी, महिन्यातून एका संध्याकाळी बसायचे ठरविले आणि तेथे येणाऱ्याने वहीखेरीज काही आणू नये असा नियम केला, तर त्यासाठी इमारत नको, निधी नको, उद्घाटनही नको. दार समाजातील कोणालाही उघडे असावे, मग तो डॉक्टर असो, कंपाउंडर असो वा शिक्षक.

डार्लिंग यांच्यासारखा मित्र असूनही एक राजा एकाकी राहिला, ही या गावाची कहाणी. बागलीच्या बायका आपली वही सर्वांसमोर वाचतात, हीही याच जिल्ह्याची कहाणी. यांपैकी कोणता पाठ गिरवायचा हे आपल्या हाती आहे. सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा विचार करावा आणि ज्येष्ठांनी पहिले पाऊल टाकावे, एवढीच नम्र विनंती.